आरशासमोर तोंड उघडणारा डॉल्फिन: रकाना कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी परदेशात प्राणिवर्तनाचं मास्टर्स करते आहे. उन्हाळ्यापुरतं एका मत्स्यालयात काम मिळालंय आणि डॉल्फिनांचे आरशासमोरचे व्हिडिओ पाहून वर्तन 'कोड' करायचं काम तिच्याकडे आलंय. ती लिहिते: "एक डॉल्फिन आरशाजवळ येतो, थांबतो, तोंड उघडतो, मिटतो, परत उघडतो. आमच्या तक्त्यात 'स्वतःची तपासणी' असा एक रकाना आहे आणि 'सामाजिक वर्तन' असा दुसरा. हे मी कुठे टाकू? शिवाय दोन डॉल्फिनांवरच्या अभ्यासावरून डॉल्फिन स्वतःला ओळखतात असं सगळीकडे कसं काय लिहितात?" शेवटी एक पुरवणी: हे आपल्या कोकण किनाऱ्यावर करता येईल का?

उत्तर आधी सांगते: दोन्ही रकान्यांत टाकू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी सोळा वर्षं हेच काम करते आहे, त्यातली बरीचशी अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ पुढेमागे करण्यात गेली. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात नेमका याच तोंड उघडण्यावर अडकतो. मीही अडकले होते. तुमचा खरा प्रश्न रकान्याचा नाहीच. एकाच हालचालीचे तीन-चार अर्थ होत असतील, तर त्यातला कोणता खरा हे कशावरून ठरवायचं, हा तुमचा प्रश्न आहे.

डॉल्फिनाने दुसऱ्या डॉल्फिनासमोर जबडा उघडणं ही धमकी असते. पुढची पायरी म्हणजे जबडा खाडकन मिटून आवाज काढणं. म्हणजे आरशातला डॉल्फिन त्याला परका वाटत असेल, तरी तो तोंड उघडेल. दुसरं, माणसांच्या सहवासातल्या डॉल्फिनांना दात तपासून घेण्यासाठी तोंड उघडायला शिकवलेलं असतं आणि त्याबद्दल मासा मिळतो. आरशाच्या बाजूला ट्रेनर उभा असेल तर डॉल्फिन मासाही मागत असेल. तिसरं, नुसता खेळ. आणि चौथं, आपल्याला हवं असलेलं: तो आपल्याच तोंडात डोकावतोय. चारही वेळा पडद्यावर दिसतं ते एकच. म्हणून तक्त्यातला रकाना वर्तनाचा असावा, अर्थाचा नको. 'तोंड उघडणे, आरशापासून अर्धा मीटर, डोकं आरशाकडे, ४ सेकंद' इतकंच लिहा. 'स्वतःची तपासणी' हा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष नोंदवहीत लिहायचा नसतो.

ही अडचण डॉल्फिनांच्याच वाट्याला इतकी का येते, ते समजायला १९७० सालात जावं लागेल. गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना दहा दिवस आरसा दिला, मग भूल देऊन भुवईवर आणि कानाच्या टोकाला लाल रंग लावला. रंगाला वास नव्हता, त्वचेला तो जाणवत नव्हता. शुद्धीवर आलेले चिंपांझी आरसा पुढे ठेवल्याबरोबर स्वतःच्या भुवईवरचा रंग चाचपू लागले. ज्यांनी आधी आरसा पाहिलाच नव्हता, त्यांना रंग लावला तेव्हा असं काही घडलं नाही. माकडांनाही जमलं नाही. या प्रयोगाचं सगळं सौंदर्य त्या हातात आहे. बोट कुठे गेलं ते कोणालाही दिसतं, वादाला जागा राहत नाही.

डॉल्फिनाला हात नाही. त्यामुळे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत डॉल्फिनांवर जे काम झालं, ते सगळं 'हाताऐवजी काय?' याच शोधाचं आहे, असं मला वाटतं. आरसा टाकीत उतरवायला एक दिवस पुरतो. हाताची जागा कशाने भरायची, हे ठरवायला वर्षं जातात.

तुम्ही ज्या दोन डॉल्फिनांचा उल्लेख केलात, तो डायना रीस आणि लोरी मरीनो यांचा २००१ सालचा अभ्यास. न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियममधले बॉटलनोज जातीचे दोन नर डॉल्फिन, प्रेस्ली आणि टॅब. दोघेही बंदिस्त जागेतच जन्मलेले, आरसा त्यांना नवा नव्हता. अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर काळ्या शाईच्या मार्करने खुणा केल्या, अशा जागी की आरशाशिवाय त्या स्वतःला दिसू नयेत. मग त्यांनी हाताऐवजी काही गोष्टी मोजल्या: खूण केल्यावर आरशापर्यंत किती लवकर पोचतो, तिथे किती वेळ थांबतो, आणि अंगाचा नेमका तोच भाग आरशाकडे वळवतो का.

त्यातली एक नोंद तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. एकदा प्रेस्लीच्या जिभेवर खूण केली. तो सरळ आरशाकडे गेला आणि तोंड उघडू-मिटू लागला. म्हणजे तुमच्या व्हिडिओत दिसतं तेच. फरक एवढाच की त्या अभ्यासात त्याने आधी कधी असं केलं नव्हतं, खूण जिभेवरच होती, आणि तो दुसरीकडे कुठे न रेंगाळता आरशाकडे गेला. तोंड उघडण्याला अर्थ आला तो या तीन गोष्टींमुळे. त्या काढून घेतल्या तर उरतो एक तोंड उघडणारा डॉल्फिन, आणि तसे तर रोज दिसतात.

आता खोट्या खुणेबद्दल. डॉल्फिनाची त्वचा फार संवेदनशील असते. आपल्या पाठीवर कोणी बोट फिरवलं तर आरसा असो वा नसो, आपण मान वळवतोच. डॉल्फिनाच्या अंगावरून मार्कर फिरला की त्यालाही काहीतरी झाल्याचं कळतं, आणि नुसत्या कुतूहलाने तो आरशाकडे जाऊ शकतो. म्हणून त्याच आकाराच्या, शाईऐवजी पाणी भरलेल्या मार्करने, तितकाच वेळ, तितक्याच दाबाने 'खूण' करायची. दिसत काही नाही, स्पर्श मात्र तोच. खरी खूण केल्यावर तो आरशाशी स्वतःला न्याहाळण्यात जास्त वेळ घालवतो आणि खोट्या खुणेला कमी, असं दिसलं तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे. रीस-मरीनो यांच्या अभ्यासात हेच दिसलं. तुमच्याकडच्या फुटेजमध्ये खोट्या खुणेची सत्रं आहेत का, ते मार्गदर्शकांना विचारा. नसतील तर खुणेच्या सत्रांवर फार विसंबू नका.

इथे माझी एक फजिती सांगते. एका मत्स्यालयात (नाव सांगत नाही) आम्ही 'आरसा आहे' आणि 'आरसा नाही' अशी सत्रं आलटून पालटून घेत होतो. आरसा नसतानाही संध्याकाळच्या सत्रांत डॉल्फिन प्रेक्षकांच्या काचेसमोर येऊन अंग वळवत, थांबत, बुडबुडे सोडत. दोन महिने मी ते 'काचेपलीकडच्या माणसांकडे कुतूहल' म्हणून नोंदवलं. मग एकदा काही कारणाने मी टाकीच्या बाजूने काचेत पाहिलं आणि मला मीच दिसले. रात्रीच्या एसटीत बसल्यावर खिडकीत आपलाच चेहरा दिसतो ना, तसं. प्रेक्षक गेले की गॅलरीतले दिवे मालवायचे, टाकीतले चालू राहायचे, आणि काचेचा आरसा व्हायचा. आमची 'आरसा नाही' ही सत्रं मुळात आरशाचीच सत्रं होती. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. चूक माझीच. रीस आणि मरीनो यांनी टाकीच्या भिंतींच्या काचा किती परावर्तन करतात, हा मुद्दा अभ्यासाच्या आराखड्यातच घेतला होता. मी ते वाचलं होतं, पण अंगावर येईपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशीच टाकीच्या बाजूने, ज्या वेळी सत्रं घेतली त्याच वेळी, चारही काचांचे फोटो काढा.

दृष्टीबद्दल थोडं. बॉटलनोज डॉल्फिनाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी एकाच प्रकारच्या असतात. तांबडा-हिरवा हा आपला फरक त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून चिंपांझींसाठी लाल रंग, डॉल्फिनासाठी उजळ कातडीवर काळी शाई. पाण्यात एक मीटरवरून त्याला साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात. आपली नजर याच्या कितीतरी पट तीक्ष्ण आहे, तेव्हा खूण आपल्याला ठळक वाटते तेवढ्यावर भागत नाही. त्यात त्याच्या कातडीचा वरचा थर भराभर झडत असतो, शाई टिकत नाही. सत्र लांबलं की खूण फिकी होते आणि तुम्ही मात्र शेवटपर्यंत 'खूण केलेला' असंच लिहीत राहता.

त्याहून मोठा प्रश्न आवाजाचा आहे, आणि यावर पुरेसं बोललं जात नाही अशी माझी तक्रार आहे. डॉल्फिन आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वस्तू ओळखतो. आरशावर आवाज टाकला तर परत येतो तो एका सपाट, कडक पत्र्याचा प्रतिध्वनी. डोळे सांगतात, 'समोर डॉल्फिन आहे.' कान सांगतात, 'भिंत आहे.' वर तो समोरचा डॉल्फिन मुका. प्रत्येक बॉटलनोजची स्वतःची शिटी असते, जवळजवळ नावासारखी. स्टेफनी किंग आणि विन्सेंट जॅनिक यांनी २०१३ मध्ये दाखवलं की डॉल्फिनाला त्याच्याच शिटीची नक्कल ऐकवली तर तो उत्तर देतो. इतर ओळखीच्या शिट्यांना तसा प्रतिसाद देत नाही. 'मी' नावाची गोष्ट जो प्राणी आवाजात बाळगतो, त्याला आपण ती काचेत शोधायला लावतोय. तरीही तो काही प्रमाणात शोधतो, हे मला जास्त विलक्षण वाटतं.

आता व्हिडिओ कसे पाहायचे. पहिल्या दिवसापासून क्रमाने पाहू नका, पण तारखा मात्र जपून ठेवा. आरसा मिळाल्यावर प्राणी साधारणपणे आधी तो न्याहाळतात किंवा त्याच्याशी परक्यासारखे वागतात. मग एक गमतीचा टप्पा येतो: विचित्र, परत परत केलेल्या हालचाली. डोकं गोल फिरवणं, उलटं होऊन पोहणं, आरशाच्या कडेने आत-बाहेर करणं. दुकानात सीसीटीव्हीच्या पडद्यावर चार-पाच माणसं दिसतात, त्यातला आपण कोण हे कळत नाही, तेव्हा आपण हळूच हात हलवून बघतो. तेच हे. तुमच्या फुटेजमध्ये हा टप्पा सापडला आणि त्यानंतर धमकीच्या खुणा, म्हणजे जबडा आपटणं, आरशाकडे चाल करून जाणं, कमी झाल्या, तर नंतरच्या तोंड उघडण्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. पहिल्याच दिवशीचं तोंड उघडणं असेल तर मी ते सरळ संशयास्पद धरीन.

हा प्रश्न सोडवायची आणखी एक युक्ती केन मार्टेन आणि सुची साराकोस यांनी नव्वदीच्या दशकात हवाईत वापरली होती. आरशाऐवजी टीव्ही. एकदा डॉल्फिनाला त्याचंच थेट चित्र दाखवायचं, एकदा त्याचंच आधी टिपलेलं चित्र. दुसऱ्या वेळी पडद्यावरचा डॉल्फिन तोच असतो, पण तो आपल्या हालचालींबरोबर हलत नाही. परका डॉल्फिन बघून तोंड उघडत असेल तर दोन्हीकडे सारखंच उघडायला हवं. तुमच्या मत्स्यालयात पडदा लावणं शक्य असेल तर हे सुचवून पाहा. मला विचाराल तर खुणेपेक्षा ही रचना जास्त आवडते. अंगाला हात लावावा लागत नाही.

दोन डॉल्फिनांवरून सगळ्यांबद्दल कसं बोलायचं? नाही बोलायचं. दोन प्राण्यांनी केलं, म्हणजे त्या जातीला ते शक्य आहे, इतकंच सिद्ध होतं. काळा हंस एक दिसला तरी 'हंस पांढरेच असतात' हे खोटं ठरतं, पण काळे किती आहेत ते त्यावरून कळत नाही. २००६ मध्ये ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या तीन हत्तिणींपैकी खुणेच्या चाचणीत एकच उतरली, हॅपी. २००८ मध्ये जर्मनीत पाच मॅगपायांपैकी (कावळ्याच्या कुळातले पक्षी) दोन. बाकीचे 'नापास' म्हणजे त्यांना स्वत्व नाही, असा अर्थ कोणी काढू नये. कदाचित त्यांना कपाळावरच्या डागाची फिकीर नसेल. आपल्यातही शर्टावर हळदीचा डाग घेऊन दिवसभर हिंडणारे आहेतच. डॉल्फिन तर एकमेकांचं अंग निवडत नाहीत, त्यामुळे अंगावरच्या खुणेचं त्यांना माकडवर्गाइतकं अप्रूप असायचं कारणच नाही.

वयाचाही भाग आहे. बाल्टिमोरच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममध्ये रेचेल मॉरिसन आणि रीस यांनी लहान डॉल्फिनांचा पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांनी लिहिलं की बेली नावाची मादी सात महिन्यांची असतानाच आरशासमोर स्वतःकडे रोखलेलं वर्तन करू लागली. माणसाची मुलं गालावरच्या डागाच्या चाचणीत साधारण दीड ते दोन वर्षांची झाल्यावर उतरतात. ही तुलना वर्तमानपत्रांना फार आवडते. मला तिची थोडी भीती वाटते, कारण डॉल्फिनाचं पिल्लू जन्मल्याबरोबर पोहतं आणि माणसाच्या मुलाला नुसतं पालथं पडायलाही काही महिने लागतात. शरीर कधी तयार होतं याचाच त्यात मोठा वाटा असणार.

दुसऱ्या टोकाला कबुतरं आहेत. १९८१ मध्ये एपस्टाइन, लान्झा आणि स्किनर यांनी कबुतरांना टप्प्याटप्प्याने शिकवून आरशात पाहून स्वतःच्या अंगावरच्या ठिपक्याला चोच मारायला लावली. दाणे टाकून काहीही करवून घेता येतं, हा त्यातला धडा तुमच्या कामाचा आहे. म्हणून आरशाच्या आसपास कधीही मासा द्यायचा नाही, सत्र चालू असताना ट्रेनर दिसता कामा नये, आणि खूण रोजच्या आरोग्यतपासणीच्या वेळीच उरकायची. तुमच्या व्हिडिओत कोपऱ्यात निळा बूट किंवा बादली दिसली तर त्या मिनिटासमोर फुली मारा.

तुमचा आरसा कशाचा आहे, टाकीत किती डॉल्फिन आहेत, ते एकत्र वाढलेत की नवे आणलेत, यावर बरंच अवलंबून आहे. दोघं एकाच वेळी आरशासमोर असतील तर माझ्या अनुभवात तो भाग बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. कोण कोणाला तोंड दाखवतोय ते देवालाच माहीत. एकटा असेल तर काम सोपं, पण एकटा ठेवलेला डॉल्फिन कंटाळलेला असतो आणि कंटाळलेला प्राणी कोणत्याही चकचकीत वस्तूशी खेळतो.

कोडिंगसाठी 'बोरिस' नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. फाइलींची नावं दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्या, म्हणजे आज खरी खूण की खोटी ते तुम्हाला कळणार नाही. कॅमेऱ्यात शाई दिसत असेल तर ते पूर्ण साधत नाही. तेव्हा खूण नसलेली बाजू दिसणारे तुकडे वेगळे काढून आधी तेच कोड करा. एक-पंचमांश फुटेज दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे कोड करवून घ्या आणि 'कोहेन्स कॅपा', म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा, काढा. 'तोंड उघडणे' यावर दोघांचं सहज जमेल. 'स्वतःची तपासणी' यावर जमणार नाही, आणि ते जमलं नाही की मी वर काय म्हणत होते ते मार्गदर्शकांना आकड्यांत दाखवता येईल.

कोकणाचं उत्तर लगेच देता येतं: नाही. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत होडीतून दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात आरसा सोडला तर तुम्हालाच तो दिसणार नाही. शिवाय सगळे डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जवळ जाऊन त्यांना छेडणं हा गुन्हा आहे. बंदिस्त डॉल्फिनांचा रस्ताही २०१३ मध्ये बंद झाला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमला परवानगी न देण्याचं परिपत्रक काढलं, आणि त्यात डॉल्फिनांना 'मानवेतर व्यक्ती' मानायला हवं या शास्त्रज्ञांच्या मताचा दाखलाही दिला. गंगेतल्या डॉल्फिनाच्या डोळ्यात तर भिंगच नसतं. त्याच्यापुढे आरसा धरणं म्हणजे थट्टा. कोकणात करण्यासारखं काम आहे ते आवाजाचं: पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली चालणारा मायक्रोफोन, सोडून शिट्या टिपण्याचं. परवानगी तिथेही लागेल, पण डॉल्फिनाला काही सहन करावं लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण हे तुम्हाला कधीतरी कोणी विचारेलच. २००१ च्या त्या अभ्यासातल्या लोरी मरीनो यांनी पुढे बंदिस्त डॉल्फिनांवर संशोधन करणं थांबवलं आणि आज त्या अशा प्राण्यांसाठी समुद्रातलं आश्रयस्थान उभारण्याच्या प्रयत्नांत आहेत. रीस यांनी काम चालू ठेवलं. एकाच निबंधावर नाव असलेल्या दोघी, एकाच निष्कर्षावरून दोन दिशांना गेल्या. मला दोघींचंही म्हणणं कळतं, आणि मी स्वतः आता फक्त जुन्या फुटेजवर काम करते.

तेव्हा उद्या गेल्यावर आधी एवढं विचारा: आरसा झाकलेला असताना, म्हणजे तीच चौकट, तीच जागा, पण मागची अपारदर्शक बाजू पुढे, असं फुटेज आहे का? असलं तर ते आधी पाहा आणि त्यात हा डॉल्फिन किती वेळा तोंड उघडतो ते मोजा. तो आकडा मला कळवा, मग रकान्याचं बघू.